टेट्रापॅकवाली मावशी

मे महिन्यात अकोल्याला चाललेय असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू मी सियाचीनला पोस्टिंग घेतलंय. फक्त उलट्या टोकाचं! इथे पारा ४० ला टेकला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्क्रीनशॉटचा पाऊस पडतो. अकोल्यात ४० म्हणजे ‘आज जरा बरं आहे, नाही?’ असं म्हणायचा दिवस. मे २०२० मध्ये तिथे पारा ४७ च्या वर गेला होता. लॉकडाऊनमुळे लोक तसेही घरातच होते, तेवढंच बरं.

तर मंडळी, यावेळचा विषय आहे लहान मुलं आणि उन्हाळा. थांबा, पान उलटू नका. तुमच्यापैकी अर्धे जण आई-बाबा झालेत किंवा व्हायच्या बेतात आहेत. उरलेले माझ्यासारखे... मावशी, मामा, काका, आत्या. सुट्टीत घरी जायचं, भाच्या-पुतण्यांना दुकानातून हवं ते घेऊन द्यायचं, लाड करायचे आणि रविवार रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून परत यायचं, अशी आपली जमात. उन्हाळ्यात मुलांना सूर्यानंतर सगळ्यात जास्त धोका या जमातीपासून असतो. हे मी अनुभवाने सांगतेय.

२०२४ चा मे महिना. ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. छोटी तीन महिन्यांची आणि भाचेबुवा चार वर्षांचे. मीही लॅपटॉप उचलून ‘वर्क फ्रॉम माहेर’ करायला पोहोचले. नेमका त्याच आठवड्यात पारा ४५ च्या वर गेला आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क कलम १४४ लावलं. दंगलीसाठी नाही हो, उन्हासाठी! ३१ मेपर्यंत. खासगी क्लासेस सकाळी १० च्या आत नाहीतर संध्याकाळी ५ नंतर, कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याची आणि पंख्यांची सोय मालकांनी करायची, वगैरे. नवतपा सुरू झालेला. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. कूलरच्या ताट्या पुन्हा पुन्हा ओल्या करूनही हवा गरमच यायची.

घरात मात्र वेगळंच युद्ध पेटलं होतं. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला ताई आणि मध्ये पाण्याची वाटी-चमचा.

“काहून वं, लेकराचा घसा सुकून राहिला. दोन चमचे पाणी पाजलं त काय झालं?”

“आजी, डॉक्टर नाही म्हणालेत. सहा महिने वरचं पाणी नाही.”

“डॉक्टरले काय मालूम अकोल्याचं ऊन! तुम्हाले सगळ्याइले म्या पाजलंच ना!”

या युक्तिवादाला उत्तर नसतं. आम्ही सगळे समोर जिवंत उभे होतो. खरं सांगू? मनातून मी आजीच्या बाजूने होते. मी स्वतः दिवसाला चार लिटर पाणी ढोसतेय आणि त्या इवल्याशा जिवाला एक थेंब नाही? कॉमन सेन्सला पटत नाही ना? पण इथे कॉमन सेन्स साफ चुकतो. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. बाळ प्यायला लागलं की सुरुवातीचं दूध पातळ असतं, त्यात त्याची तहान भागते. म्हणून उन्हाळ्यात बाळ थोडंथोडं आणि सारखं पितं, आणि आपल्याला वाटतं, ‘याचं पोट भरत नाहीये.’ तीन महिन्यांच्या बाळाचं पोट ते केवढं! त्यात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं. वजन अडतं, पाण्यातून जंतू जायची भीती असते, आणि पाणी फारच झालं तर रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटकेसुद्धा येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटना गरम प्रदेशांसाठीही हेच सांगते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी प्यायचं ते आईने.

ताईने यावर तोडगा काढला. दर वेळी पाजायला बसताना शेजारी तांब्याभर पाणी ठेवायचं आणि ते आजीच्या देखत संपवायचं. शिवाय छोटीच्या ओल्या दुपट्यांचा हिशेब. दिवसाला सहा किंवा जास्त, म्हणजे बाळाला पुरेसं मिळतंय. आजीने तीन दिवस तो हिशेब स्वतः ठेवला. नऊ, आठ, नऊ. चौथ्या दिवशी वाटी-चमचा कपाटात गेला. आजी हरली असं मात्र कुणी म्हणायचं नाही हं.

या सगळ्यात भाचेबुवांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. उन्हाळ्यात मुलांची भूक मरते, ते नॉर्मलच आहे. पण भाचेबुवांनी वरण-भात आणि पोळीवर बहिष्कार टाकून नवीन मेनू ठरवला होता. बर्फाचा गोळा, बाटलीतला मँगो ज्यूस, तळलेली कुरडई. आणि हे सगळं स्पॉन्सर कोण करत होतं? अस्मादिक. एका संध्याकाळी हातगाडीवरचा गोळा झाला (तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विचारायचं मला सुचलंही नाही) आणि रात्री दोनला उलट्या सुरू. मग जुलाब.

आता इथे माझी एंट्री बघा. मास कॉमची डिग्री, हेल्थवर दोन-तीन फीचर्स लिहिलेली, म्हणजे घरातली एक्सपर्ट मीच! सकाळी सातला मेडिकल उघडायला लावलं आणि सहा टेट्रापॅक घेऊन आले. सफरचंद फ्लेवर, संत्रा फ्लेवर. डब्यावर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’. ते पावडरचं पाकीट दुकानदाराने दाखवलं होतं, पण ते खारट पाणी पोरगं पिणार थोडंच? हे मात्र त्याने गटागट प्यायलं. एक, दोन, तीन. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

दुपारपर्यंत जुलाब वाढले. डोळे खोल गेले. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि सकाळपासून शू झालेली नाही हे ताईच्या तेव्हा लक्षात आलं. तोंडावर ओला पंचा टाकून ऑटोने आमच्या लहानपणापासूनच्या डॉक्टरकाकांकडे. त्यांनी आधी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश मागे गेली. मग त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, फिरवला आणि मला परत दिला.

“वाच. मोठ्याने वाच. ते बारीक अक्षरांतलं.”

मी वाचलं. हे पेय जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही, अशा अर्थाची ओळ होती ती. त्याच डब्यावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. समोर मोठ्ठं ओआरएस आणि मागे ‘हे ओआरएस नाही’! मी जाहिरातींवर सेमिनार दिलेली मुलगी. मला ही ओळ दिसली नव्हती.

डॉक्टरकाकांनी नंतर जे समजावलं, ते मला बारावीच्या बायोलॉजीत कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. आतड्यातून मीठ आत घ्यायला साखरेची सोबत लागते. ग्लुकोजचा हात धरून सोडियम आत जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी. म्हणून ओआरएसमध्ये दोन्ही हवं, पण मापात. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरमागे ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम आणि साधं मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. बाजारातल्या या गोड पेयांपैकी काहींमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर साखर सापडलेली आहे, आणि मीठ नावापुरतं. एवढी साखर आतड्यात गेली की गणित उलटं फिरतं, ती शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेते. म्हणजे जुलाब वाढणार. मी पोराला प्रेमाने नेमकं तेच पाजलं होतं.

ही साधी पुडी किती भारी चीज आहे, हे नंतर वाचलं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते तोंडाने पाजायला लावलं, तेही रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून. कॉलऱ्याने मरणाऱ्यांचं प्रमाण जिथे ३० टक्क्यांच्या घरात होतं, तिथे ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि इकडे मी म्हणत होते, ‘ते खारट पाणी पोरगं पिणार थोडंच?’

प्यायला की! डॉक्टरकाकांची ट्रिक अशी. एक मोठी पुडी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या ग्लासात, असला प्रकार नाही. वर चव म्हणून साखर, सरबत, काहीही घालायचं नाही. चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटाला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सावकाश सुरू. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २००. केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं. सोबत १४ दिवस झिंकची गोळी, आणि खाणं बंद करायचं नाही, मऊ खिचडी, दही-भात, केळं चालू. संध्याकाळी सहाला भाचेबुवांना शू झाली, तेव्हा घरात वर्ल्ड कप जिंकल्यासारखा जल्लोष झाला. पुडीची किंमत वीसेक रुपये. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे तीच पुडी फुकट मिळते. माझे सहा टेट्रापॅक किती रुपयांचे होते ते विचारू नका.

आता ते टेट्रापॅक गेले, निदान त्या नावाने तरी. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष जवळपास आठ वर्षं या लेबलांमागे लागल्या होत्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की ब्रँडच्या नावात, पुढे-मागे शेपूट लावूनसुद्धा, अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरता येणार नाही. आधी २०२२ आणि २०२४ मध्ये बारीक अक्षरांतल्या सूचनेसह दिलेली परवानगी मागे घेतली. पण म्हणून गाफील राहू नका. नाव बदलून तोच माल त्याच फळीवर राहू शकतो. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला असं लिहिलंय का, तेवढं बघा. आणि हो, ओआरएस हे आजारातलं औषध आहे. ठणठणीत मुलाला खेळून आल्यावर रोज द्यायचं ड्रिंक नव्हे.

मग ठणठणीत मुलाला काय द्यायचं? याचं उत्तर मला डॉक्टरांकडे नाही, ताईच्या सासूबाईंकडे मिळालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताईला सासरी पोहोचवायचं होतं. सासर अमरावतीत, पण आधी त्यांच्या गावी, दर्यापूर तालुक्यात, देवाला जाऊन मग पुढे. पहाटे पाचला अकोला सोडलं, दर्यापूरच्या रस्त्याने. हा सगळा खारपाण पट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली अकोला, अमरावती, बुलडाण्याची शेकडो गावं, जिथे जमिनीतलं पाणीच खारट आहे. गावात पोहोचल्यावर मी शहाणपणा करून भाचेबुवांसाठी घरगुती साखर-मीठ-पाणी करायला घेतलं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, पाठच होतं आता. अंगणातल्या हापशीकडे वळले तशा सासूबाई धावत आल्या.

“ते पाणी नोको घेऊ बापा! ते आधीच खारं हाय. त्यात अजून मीठ टाकतं काय?”

बरोबरच होतं की! पाण्यातच मीठ, त्यात माझं अर्धा चमचा मीठ. मुलाच्या शरीरात नको तेवढं सोडियम गेलं तर ते प्रकरणही गंभीरच. प्यायला आणि स्वयंपाकाला त्या शहानूर धरणावरून येणारं नळाचं पाणीच वापरतात, हापशी फक्त धुण्या-भांड्यांसाठी. ‘घरच्या घरी ओआरएस’ची रेसिपी छापणाऱ्या माझ्यासारख्या लोकांना हे कधी सुचत नाही. मी स्वतः एका फीचरमध्ये ती छापलेली आहे, पाणी कुठलं याबद्दल एक अक्षर न लिहिता.

आणि मग नाश्त्याला आल्या ज्वारीच्या कण्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्वारीचा जाडसर भरडा पाण्यात मऊ शिजवायचा, गार झाला की त्यात पातळ ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बहिष्कारवाले भाचेबुवा दोन वाट्या ओरपून मोकळे! मी बघत बसले. एका वाटीत पाणी, मीठ, धान्य, थोडं प्रोटीन, सगळं आलं, आणि डब्यावर एकही दावा नाही. सासूबाईंची पद्धत अशी की मोठं जेवण सकाळी ऊन चढायच्या आत आणि दुसरं दिवस मावळल्यावर. मधल्या वेळात दर तास-दीड तासाने काहीतरी छोटंसं. टरबुजाच्या फोडी (पुण्यात कलिंगड म्हणा), काकडी, गुळाचं पन्हं, सातूचं पीठ कालवून, मूठभर फुटाणे, पाणी माठातलं. “तहान लागली का?” असं त्या विचारतच नाहीत. खेळणारं पोरगं नाहीच म्हणणार. त्या सरळ पेला पुढे करतात.

हे अंदाजाने नाही बरं का, हिशेबातही बसतं. डॉक्टर मंडळींचं जुनं सूत्र आहे. पहिल्या १० किलो वजनाला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोला ५० मिली. भाचेबुवा १६ किलो, म्हणजे दिवसाला १३०० मिली. दूध, वरण, ताक, टरबूज सगळं धरून, आणि हे एरवीचं, वऱ्हाडातल्या मेमध्ये त्याहून जास्त. एका बैठकीत एवढं कुणाच्या पोटात जाईल? पेल्या-पेल्यानेच जाणार. साखरेच्या सरबताने पोट भरलं की मात्र कण्यांना जागा उरत नाही, हे मी आदल्या महिन्यात सिद्ध करून दाखवलं होतंच.

अमरावतीत ताईच्या शेजारी एक नर्सताई राहतात, काही वर्षं मेळघाटात नोकरी केलेल्या. गिला वडा खाता खाता मी त्यांना माझा टेट्रापॅकचा किस्सा हसत हसत सांगितला. त्या फारशा हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्हाला चांगलं पाणी तरी होतं कालवायला.” जुलै २०२२ मला लगेच आठवला. चिखलदरा तालुक्यातली पाचडोंगरी आणि कोयलारी. नळयोजनेचं वीजबिल थकलं, वीज तोडली, नळ बंद पडले. लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले आणि कॉलऱ्यासारखी साथ पसरली. माणसं दगावली, कितीतरी जण आजारी पडले. तेव्हा पुण्यातून फोन लावून मी त्या बातमीवर चारशे शब्द लिहिले होते. अमरावती शहरात अप्पर वर्धा धरणाचं पाणी नळाला येतं, आणि त्याच जिल्ह्यात वर डोंगरात ही तऱ्हा. माझ्या चारशे शब्दांत हापशी, टँकर, वीजबिल सगळं होतं. पुडी कालवायला लिटरभर स्वच्छ पाणी लागतं, हे वाक्य नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती विनोदात सांगण्यासारखी नाही. मूल उन्हातून आलं, अंग तापलेलं, बरळतंय, झोपाळलंय किंवा झटके येतायत, तर तो उष्माघात असू शकतो. कांदा हुंगवत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, साध्या पाण्याने अंग पुसत पंखा लावा आणि १०८ ला फोन. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी अजिबात घालायचं नाही.

ऑगस्ट २०२४. पुण्यात धो धो पाऊस, माझी डेडलाइन डोक्यावर, आणि सकाळी साडेसहाला अकोल्याहून आजीचा फोन. आजी स्वतःहून फोन करते म्हणजे काहीतरी गडबड असणार, माझ्या पोटात गोळाच आला.

“काय झालं आजी?”

“काही नाही वं. आज लेकराले सहा महिने झाले. ताईले फोन लावून दे बरं मले. आता तरी पाजते म्हणा दोन चमचे पाणी.”